सबंध होतं, मग कापलं कशाला?

आई मिरजेहून आमच्याकडे स्विंडनला आली ती ऑक्टोबरात, म्हणजे ऊन संपल्यावर. पहिले तीन दिवस तिने घर आवरलं. चौथ्या दिवशी आवरायला काही उरलं नाही, तेव्हा तिची नजर जेवणाच्या टेबलाकडे वळली. तिथे मी नुकतंच एक खोकं उपडं केलं होतं. तपकिरी पुठ्ठ्याचं, वर सुतळी बांधलेली, चॅरिटी शॉपमधून सहा पौंडांना उचललेलं.

"हे काय सांडलंय?"

"जिगसॉ आहे. जुना. लाकडी. हाताने कापलेला."

"म्हणजे काय करायचं?"

"एक छापील चित्र घ्यायचं, फळीवर चिकटवायचं, मग करवतीने त्याचे वेडेवाकडे तुकडे करायचे आणि खोक्यात भरून विकायचे. घेणाऱ्याने ते परत जोडायचे."

आईने एक तुकडा उचलून खिडकीच्या उजेडात धरला. भाजीवाल्याकडची भेंडी धरते तसाच. "म्हणजे चित्र आधी सबंध होतं?"

"हो."

"मग कापलं कशाला?"

मला उत्तर देता आलं नाही. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही, कारण गेली अडीचशे वर्षं ते इंग्रजांनाही देता आलेलं नाही. त्यांनी शहाणपणा इतकाच केला, की प्रश्न पडू न देता धंदा चालू ठेवला.

या धंद्याचा मूळ पुरुष म्हणून जॉन स्पिल्सबरीचं नाव घेतात. लंडनच्या ड्रुरी लेनजवळ रसेल कोर्ट नावाच्या बोळात याचं दुकान. मूळचा ताम्रपट कोरणारा कारागीर. तिसऱ्या जॉर्ज राजाचा भूगोलतज्ज्ञ टॉमस जेफरीस याच्या हाताखाली शिकलेला. १७६०च्या दशकात त्याला सुचलं, की नकाशा महोगनीच्या पातळ फळीवर चिकटवावा आणि बारीक करवतीने देशोदेशींच्या सीमेवरून कापावा. पोरांनी फ्रान्स उचलून स्पेनच्या शेजारी ठेवावा आणि भूगोल शिकावा. १७६३च्या व्यापारी यादीत त्याने आपला हुद्दा 'लाकडावरचा नकाशा-विच्छेदक' अशा अर्थाचा लावून घेतला. आपल्याकडे विच्छेदन म्हटलं की सिव्हिल हॉस्पिटलच्या मागची खोली आठवते. तिथे पोरांना कुणी हौसेने पाठवत नाही. लंडनच्या खानदानी घरांतून मात्र या विच्छेदकाच्या दुकानात पोरांसाठी रांगेने पैसे येत होते.

या स्पिल्सबरीची एक गोष्ट मला फार आवडते. त्याचे नकाशे 'समुद्रासकट' आणि 'समुद्राशिवाय' असे दोन्ही मिळत, आणि समुद्राशिवाय घेतला तर स्वस्त पडे. ज्या देशाचं सगळं वैभव आरमारावर उभं, त्याच्या राजधानीत समुद्र असा वरकड माल म्हणून विकला जात होता. हे मी आईला सांगितलं. "बरोबरच आहे," ती म्हणाली, "समुद्रात बघायचंय काय? सगळं निळंच. उगाच लाकूड वाया." अडीचशे वर्षांपूर्वी लंडनमधल्या एखाद्या काटकसरी आईने हाच विचार केला असणार, नाहीतर स्पिल्सबरीला दोन भाव ठेवायचं कारण काय?

बिचारा स्पिल्सबरी १७६९ साली गेला. वय जेमतेम तीस. आणि मूळ पुरुषाच्या बाबतीत जे नेहमी होतं, तेच इथेही झालं. आता अभ्यासक म्हणतात, की त्याच्याही आधी, १७५०च्या दशकात, लंडनमध्ये मुलींना शिकवणाऱ्या मादाम द बोमाँ नावाच्या फ्रेंच बाई लाकडी नकाशे वापरत होत्या. सुंदरी आणि राक्षस यांची जी गोष्ट जगभरच्या पोरांना ठाऊक आहे, तिचं आजचं रूप याच बाईंनी लिहिलेलं. म्हणजे वापर बाईचा, पाटी बाप्याची. पाटी ज्याने रंगवली तो मूळ पुरुष. आपल्याकडच्या कित्येक मसाल्यांचा आणि लोणच्यांचा इतिहास याहून वेगळा नाही.

खुद्द राजवाड्यातही हे नकाशे गेले. तिसऱ्या जॉर्जच्या मुलांना सांभाळणाऱ्या लेडी शार्लट फिंच यांचं महोगनीचं कपाट अजून जपून ठेवलेलं आहे. त्यातल्या खणांत कापलेले नकाशे असत. राजाची मुलं अशी तुकडे जपून ठेवायला शिकत होती आणि त्याच राजाच्या हातून अख्खी अमेरिका निसटली. ज्याच्या घरी कपाट, त्याच्याच घरी तुकडा हरवतो, हा अनुभव सार्वत्रिक आहे.

नकाशे कापायची ही हौस त्या लोकांच्या हाताला इतकी बसली, की १९४७ साली सिरिल रॅडक्लिफ नावाचे एक वकीलसाहेब आपल्याकडे पहिल्यांदाच आले आणि पाच आठवड्यांत नकाशा कापून परत गेले. ते तुकडे जोडायचे कसे, याचा कागद खोक्यात नव्हता.

असो. टेबलाकडे येतो.

खोक्याच्या झाकणावर चित्र नव्हतं. लेबलाचा कोपरा काळाने की कसरीने खाल्लेला, त्यामुळे बनवणाऱ्याचं नावही गेलेलं. उरलं होतं फक्त शीर्षक: 'अखेर!' बस्स. एक शब्द आणि एक उद्गारचिन्ह. अखेर काय? लग्न ठरलं? मुलगा झाला? सावकार मेला? जुन्या लाकडी जिगसॉच्या खोक्यावर चित्र छापत नसत, शीर्षकच देत. तेही असं, की त्यातून काही कळलं तर बनवणाऱ्याला चुकल्यासारखं वाटावं.

झाकणाच्या आतल्या बाजूला मात्र खजिना होता. पेन्सिलीने, नाजूक इंग्रजी अक्षरांत लिहिलं होतं: '३ जानेवारी १९३६. पूर्ण. कुत्र्याने एक तुकडा चावला.' त्याखाली वेगळ्या हस्ताक्षरात: '१९५२. पूर्ण. वेगळा कुत्रा.' शोधले तर खरंच दोन तुकड्यांवर दातांचे व्रण सापडले. एक खोल, एक वरवरचा. १९३६चा कुत्रा मन लावून काम करणारा असावा.

आईला आता कुतूहल वाटू लागलं होतं, पण तसं कबूल करणं तिच्या स्वभावात नाही. ती म्हणाली, "मी जोडणार वगैरे नाही. नुसतं निवडून देते." आणि तिने स्टीलचं ताट मागितलं. मग तांदूळ निवडतात तसं, बोटांच्या टोकांनी तुकडे पुढे सारत, तिने चार वाट्या भरल्या. एक आभाळाची. एक पांढऱ्याची. एक 'लाल काहीतरी आहे' याची. चौथी 'कळत नाही' याची. अर्ध्या तासाने चौथ्या वाटीच्या जागी पातेलं आलं.

जिगसॉ करणारा कुणीही शहाणा माणूस आधी कडेचे तुकडे शोधतो. एक बाजू सरळ असली की तो कडेचा. मी ते शोधू लागलो तर आई म्हणाली, "रांगोळी कडेने सुरू करतात का रे? मधून करतात." मी तिला पद्धत समजावून सांगितली. ती 'बरं' म्हणाली. आईचं 'बरं' कसं असतं ते ज्यांना आई आहे त्यांना ठाऊक आहे.

पुढे आईच बरोबर ठरली, आणि त्याला कारण होतं ते कापणाऱ्याचा दुष्टपणा. यावर थोडं थांबून बोललं पाहिजे, कारण या सगळ्या इतिहासात मला खरा रस आहे तो या दुष्टपणातच.

पहिली दीडशे वर्षं हा खेळ पोरांचा होता आणि शिक्षण हा त्याचा बहाणा होता. नकाशे झाले, मग जॉन वॉलिससारख्यांनी इंग्लंडचे राजे कापायला घेतले. १७८८ सालचा त्याचा राजांचा कालपट प्रसिद्ध आहे. बायबल कापलं, पाढे कापले. पोरं हे किती मनापासून खेळत असतील याबद्दल मला शंका आहे. जेन ऑस्टेनच्या १८१४ सालच्या 'मॅन्सफील्ड पार्क' या कादंबरीत श्रीमंत मावशीकडे राहायला आलेल्या दहा वर्षांच्या फॅनीला युरोपचा नकाशा जोडता येत नाही, म्हणून तिच्या मावसबहिणी तिला मठ्ठ ठरवतात. म्हणजे तेव्हाही या लाकडी तुकड्यांचा मुख्य उपयोग पाहुण्यांच्या पोरांचा पाणउतारा करणं हाच होता. शिवाय त्या काळच्या कोड्यांत एकमेकांत अडकणारे तुकडे बहुतेक कडेलाच असत; मधले नुसते शेजारी-शेजारी टेकलेले. कुणी शिंकलं की प्लँटॅजेनेट घराणं ट्यूडर घराण्यात.

मग १९०८-०९च्या सुमाराला काय झालं कोण जाणे, मोठ्या माणसांना हे वेड लागलं. नुसती मोठी नव्हेत, मोठ्या घरची. शनिवार-रविवार गावाकडच्या हवेल्यांत पाहुणे जमायचे, बाहेर पाऊस (इंग्लंडच्या करमणुकीच्या इतिहासातलं हे एकमेव कायमचं पात्र), आणि आत टेबलावर तुकडे. 'विच्छेदित चित्र' हे शाळकरी नाव जाऊन 'जिगसॉ' हे नाव रुळलं तेही तेव्हाच. त्या नावातल्या करवतीबद्दल सांगायचं तर, कापायला लागे ती पायाने चालवायची, शिवणयंत्रासारखी पावडी असलेली, दोऱ्यासारख्या पात्याची नक्षीकामाची करवत. घरोघरी ही करवत नेण्याचं पुण्य नॉरफकमधल्या डेरहम गावच्या 'हॉबीज' कंपनीचं. तिचं साप्ताहिक १८९५ साली निघालं. पाय पावडीवर, दोन्ही हात फळीवर, आणि पातं जागच्या जागी वरखाली. फिरते ती फळी. हातांनी चित्र असं वळवायचं, की रेघ पात्याखाली चालत आली पाहिजे. इथे आईने मान डोलावली. तिच्या जुन्या शिलाई मशीनवर तिने माझ्या शाळेच्या चड्ड्या शिवल्या आहेत. वळणावर कापड कसं फिरवायचं हे तिला कुणी सांगायला नको. "फक्त आम्ही जोडायचो," ती म्हणाली.

तर पोरांसाठी कापताना सीमेवरून कापायचं, म्हणजे सोपं जावं. मोठ्यांसाठी कापताना हेतूच उलट. इथून दुष्टपणाला सुरुवात.

पहिली खोडी: रंग जिथे बदलतो, नेमकं तिथूनच कापायचं. लाल कोट संपून पांढरं बर्फ जिथे सुरू होतं तिथे बरोबर त्या रेघेवरून करवत गेली, की लाल तुकड्यावर पांढऱ्याचा ठिपका नाही आणि पांढऱ्यावर लालचा मागमूस नाही. दोन्ही तुकडे शेजारी असून एकमेकांना ओळख दाखवत नाहीत. मुंबईतल्या सोसायट्यांत असं असतं. दुसरी खोडी: कोपऱ्याचा तुकडा तिरपा दुभागायचा, म्हणजे काटकोन दिसतच नाही, आणि आतल्या एखाद्या तुकड्याला मुद्दाम सरळ बाजू द्यायची, म्हणजे तो कडेचा वाटावा. मी अडीच तास खपून कड लावली. शेवटी असं निघालं, की वरच्या कडेचे तीन तुकडे मुळात कडेचे नव्हतेच. आई तेवढ्या वेळात पातेल्यातले तुकडे मधून जोडत सुटली होती आणि तिच्याकडे एका घोड्याचं आख्खं तोंड तयार होतं. ती काही बोलली नाही. फक्त चहा टाकायला उठताना "रांगोळी" असं पुटपुटली.

तिसरी खोडी सगळ्यांत गोड. चित्रात काय आहे याच्याशी काडीचा संबंध नसलेले आकार कापायचे. हे राफाएल टक अँड सन्स या पोस्टकार्डवाल्या बड्या कंपनीने फार रंगवलं. १९०९च्या सुमाराला त्यांनी आपले जिगसॉ 'झॅग-झॉ' या नावाने काढले. झिगझॅग आणि जिगसॉ यांची खिचडी. त्यांत मधेच एक तुकडा किटलीच्या आकाराचा, एक बदकाच्या, एक इंग्रजी एस अक्षराच्या. आमच्याही खोक्यात असे सहा-सात निघाले. आईला एक कुत्रा सापडला. ती मोठ्या आशेने चित्रातल्या कुत्र्याची जागा शोधत बसली. तो कुत्रा निघाला आभाळाचा. म्हणजे कुत्र्याच्या आकाराचा ढगाचा तुकडा. "ही काय थट्टा?" आईने विचारलं. थट्टाच. ती शंभर वर्षांपूर्वी कुणीतरी करवतीवर बसून केली आणि स्विंडनमध्ये मिरजेच्या बाईला लागू पडली. हाताने कापलेले कुठलेही दोन जिगसॉ सारखे नसतात. तेव्हा ही थट्टा छापील नव्हती. ती करणारा माणूस, किंवा बहुधा बाई, मान खाली घालून करवत चालवताना क्षणभर हसली असणार. टकच्या या धंद्याचे कागदपत्र आज मिळत नाहीत. २९ डिसेंबर १९४०च्या रात्री जर्मन बाँबहल्ल्यात लंडनमधलं त्यांचं मुख्यालय, राफाएल हाउस, जळून गेलं आणि सत्तरेक वर्षांचं दप्तरही. तुकडे उरले, कारण ते लोकांच्या घरी होते.

दिवाळीच्या आठवड्यात टेबलावर फराळ आला आणि परिस्थिती नाजूक झाली. शेजारी मूळचे मडगावचे एक अंकल राहतात. स्विंडनमध्ये गोव्याची माणसं इतकी आहेत, की बसमध्ये कोंकणीत कुणाबद्दल वाईट बोलायची सोय नाही. ते रोज संध्याकाळी आपला चहाचा मग घेऊन यायचे, 'पाच मिनिटं' म्हणून बसायचे आणि बायकोचा फोन आला की उठायचे. त्यांना जवळचा चष्मा होता, पण तो घरी असायचा. एका शंकरपाळ्याला त्यांनी दोन मिनिटं आभाळात बसवून पाहिलं. "लागता, लागता," असं म्हणत दाबलंही. त्याचे तुकडे झाले तेव्हा ते हबकले. वस्तू पुराणी आहे हे मी त्यांना दोनदा सांगून ठेवलं होतं.

त्यांच्याच हातून मोठा अपघात झाला. न अडकणाऱ्या तुकड्यांचा शत्रू म्हणजे शिंक, असं पुस्तकी माणूस म्हणेल. अनुभवी माणूस सांगेल, की लोकरी स्वेटरची बाही. अंकल बिस्किटासाठी पलीकडे वाकले आणि बाहीने वरचं डावं आभाळ, अर्धं झाड आणि कुत्रा-ढग अलगद उचलून नेला. तीन तुकडे तर त्यांच्या कोपराला चिकटून दारापर्यंत गेले. "बाय, चूक जाली," असं ते आईला चारदा म्हणाले. आईने त्यांना वर आणखी चकली दिली, आणि ते गेल्यावर दुसऱ्या दिवशी मला टेबलाला एक जुनी साडी आडवी बांधायला लावली. कशासाठी ते मला अजून कळलेलं नाही, पण त्यानंतर अंकल जरा लांब बसू लागले खरे.

स्विंडनमध्ये राहून लाकडी जिगसॉचा विषय काढायचा आणि रेल्वेवर यायचं नाही, हे शक्य नाही. हे गावच ग्रेट वेस्टर्न रेल्वेच्या कारखान्याभोवती वाढलं. १९२४ साली या रेल्वेला वाटलं, की आपण जिगसॉ विकावेत. बर्मिंगहॅमच्या हार्बोर्नमधल्या चॅड व्हॅली या खेळण्यांच्या कंपनीकडून ते करून घेतले. पहिल्या चित्राचा मान मिळाला 'केरफिली कॅसल' या इंजिनाला. १९२३ साली स्विंडनमध्येच बांधलेलं, क्रमांक ४०७३. १९२४च्या वेम्ब्लीच्या साम्राज्य प्रदर्शनात ते मांडून ठेवलं होतं. आज आमच्याच गावच्या रेल्वे संग्रहालयात उभं आहे. मी आईला दाखवायला नेलं. तिने त्याच्याभोवती एक प्रदक्षिणा घातली आणि म्हणाली, "हे बघ, हे कुणी कापलं नाही."

अडीच शिलिंगांना दीडशे तुकडे, असा बहुतेक माल. पुढच्या पंधरा वर्षांत चाळीसहून अधिक चित्रं निघाली. किल्ले, चर्च, समुद्रकिनारे, सेंट आइव्ह्जला उतरणारे व्हायकिंग. म्हणजे जिथे जिथे ग्रेट वेस्टर्नची गाडी जात होती तिथलं सगळं, आणि व्हायकिंग, जे त्यांच्या गाडीने आले नव्हते. जाहिरातीच्या धंद्यातल्या लोकांनी या जिगसॉचा फोटो भिंतीवर लावावा. भिंतीवरच्या पोस्टरकडे माणूस चार सेकंद बघतो. इथे तोच माणूस पदरचे पैसे मोजून पोस्टर घरी नेतो, तीन संध्याकाळी त्याच्यावर वाकून इंचाइंचाने वाचतो, शेवटी एक तुकडा सापडत नाही म्हणून सोफ्याखाली आडवा होतो, आणि सापडला की कंपनीला दुवा देतो.

या मालिकेत 'चेल्टनहॅम फ्लायर' या गाडीचंही चित्र होतं. ६ जून १९३२ रोजी या गाडीने स्विंडन ते लंडनचं पॅडिंग्टन हे ७७ मैलांचं अंतर ५६ मिनिटं ४७ सेकंदांत कापलं. तेव्हाचा तो जागतिक विक्रम. जगातली सगळ्यांत वेगवान गाडी पकडायची, तासाभरात घरी पोहोचायचं, आणि मग तिचंच चित्र जोडायला तीन तास बसायचं. वाचवलेल्या वेळेचं काय करायचं हा प्रश्न तेव्हाच्या इंग्रजांनी असा सोडवला होता.

दक्षिणेला बोर्नमथमध्ये जेराल्ड हेटर नावाचे एक गृहस्थ. बँकेत नोकरी आणि फावल्या वेळात जिगसॉ कापायचा नाद. पहिलं महायुद्ध नुकतंच संपलेलं. नाद वाढत गेला, 'व्हिक्टरी' या नावाने कारखाना झाला, आणि एकावर एक प्लायवूडच्या फळ्या रचून एकदम कापायचं तंत्र त्यांनी बसवलं. लाकडी जिगसॉ बेताच्या मिळकतीच्या घरांत गेला तो अशा कारखान्यांमुळे. त्यांचे इंग्लंडच्या परगण्यांचे नकाशेही होते, कुठे काय पिकतं आणि काय बनतं ते दाखवणारे. म्हणजे फिरून स्पिल्सबरीच. १९७० साली ही कंपनी स्पिअर्स या खेळवाल्यांनी विकत घेतली. हेटरसाहेबांबद्दल मला एकच विचारावंसं वाटतं: दिवसभर बँकेत आकडे जुळवणारा माणूस संध्याकाळी घरी येऊन जुळलेलं कापत का बसत असेल? मग लक्षात येतं, की प्रश्नातच उत्तर आहे.

लाकूड महाग, मजुरी महाग, आणि तिशीच्या मंदीत पुठ्ठ्याचा जिगसॉ आला. साच्याखाली घातला, एक दाब, पाचशे तुकडे. सगळे सारखे, सगळे एकमेकांत घट्ट अडकलेले, खोक्यावर चित्र. स्वेटरला न घाबरणारा. ज्यांना लाकडीच हवा पण परवडत नाही, त्यांनी त्यातून खास वाट काढली. १९३३ साली ब्रिटिश जिगसॉ पझल लायब्ररी निघाली. वर्गणी भरायची, पोस्टाने लाकडी जिगसॉ घरी येतो, जोडायचा, मोडायचा, परत पाठवायचा. पुस्तकासारखा. इथेही खोक्यावर चित्र नाही. वर्गणीदाराला तसाच हवा असतो. राणी एलिझाबेथलाही जिगसॉचा नाद होता. सँड्रिंगहॅमच्या वाड्यात टेबलावर एक मांडलेला असे म्हणतात. सरतेशेवटी १९८५ साली या जमातीने मंडळ काढलं आणि त्याला जे इंग्रजी नाव दिलं त्याचं मराठी 'विच्छेदनशास्त्रज्ञांचं परोपकारी बंधुमंडळ' असं काहीतरी होईल. असं नाव घेऊन माणसं वर्षातून एकदा जमतात आणि दिवसभर मान खाली घालून बसतात. आमच्या मिरजेत असं मंडळ निघालं असतं तर दुसऱ्या वर्षी त्याचे दोन तुकडे झाले असते, आणि ते अडकणारे नसते.

आता लाकडी जिगसॉ पुन्हा मिळतात. विल्टशरमधल्या वेंटवर्थसारख्या कंपन्या १९९४पासून ते लेझरने कापतात. आकार सुंदर, कड काजळीसारखी काळपट, नाकाशी धरला तर जळकट वास. मी एक घेतला होता. उत्तम होता. पण त्यात माझ्याशी कुणी भांडत नव्हतं. लेझरला माणसाची मजा बघायची नसते.

अकराव्या दिवशी आमचा 'अखेर!' पुरा झाला. बर्फात अडकलेली चार घोड्यांची टपालगाडी एकदाची खानावळीच्या दारात पोहोचली आहे, लाल कोटातला माणूस शिंग फुंकतोय, दारात कंदील घेऊन बाई उभी आहे. म्हणून अखेर. मी आईकडे विजयी मुद्रेने पाहिलं. आई ताटात पाहत होती.

"हा कुठला रे?"

एक तुकडा उरला होता. चित्रात भोक नाही, कड पुरी, दोन्ही कुत्र्यांचे चावे जागच्या जागी, आणि एक तुकडा जास्त. हिरवट निळा, खालच्या टोकाला पांढऱ्या फेसाची बारीक रेघ.

"समुद्राचा दिसतोय," आई म्हणाली. शंका घ्यायला जागा नव्हती. कधीतरी, १९३६ला किंवा १९५२ला किंवा चॅरिटी शॉपच्या मागच्या खोलीत, दुसऱ्या कुणाच्या समुद्रातला एक तुकडा आमच्या बर्फात येऊन पडला होता. कुठेतरी एक जहाज गेली कित्येक वर्षं बुडाशी भोक घेऊन उभं असणार, आणि त्याचा मालक सोफ्याखाली.

दोन दिवस चित्र तसंच ठेवलं. अंकल येऊन हात मागे बांधून बघून गेले. मग रविवारी पाहुणे जेवायला यायचे होते, टेबल लागणार होतं. मी म्हणालो, आता मोडून खोक्यात भरतो. आईचा चेहरा बदलला.

"आत्ता कुठे सबंध झालंय."

"अगं, असंच असतं. पुढच्याला जोडायला मिळायला नको?"

"पुढचा कोण?"

हेही मला सांगता आलं नाही. आई थोडा वेळ उभी राहिली. मग स्वयंपाकघरातून उलथनं घेऊन आली, टपालगाडीच्या एका कोपऱ्याखाली घातलं आणि पोळी उलटावी तशी सबंध खानावळ एका फटक्यात ताटात पालथी केली. हातात इतकी सफाई होती, की गेले अकरा दिवस तिला हेच करायचं होतं की काय, असं मला वाटून गेलं.

खोकं बांधायच्या आधी तिने माझ्याकडे पेन्सिल मागितली आणि चष्मा लावून झाकणाच्या आत, दोन्ही इंग्रजी ओळींच्या खाली, आपल्या शाळामास्तरी वळणाच्या अक्षरात मराठीतून लिहिलं:

'पूर्ण. समुद्र एक जास्त. कुत्रा नाही.'